फुकटची बाग, ३५ वा मजला

(‘घरची मंडळी’ ग्रुप, रविवार)

सुहासकाका: (फोटो)
सुहासकाका: (फोटो)
सुहासकाका: (फोटो)
सुहासकाका: मंडळी, लंडनहून सुप्रभात. तुमच्याकडे दुपारची झोप झाली असेल. आत्ता स्काय गार्डनमध्ये आहोत, ३५ वा मजला. समोर टेम्स, डावीकडे टॉवर ब्रिज, नदीपलीकडे तो टोकदार शार्ड टॉवर. तिकीट शून्य पौंड!

प्राचीताई: किती छान! काकू, साडीवर जाकीट भारी दिसतंय.

बापूकाका: 🙏🙏 सुंदर. जीवनात उंचीवरून पाहायला शिका.

मुक्ता: काका, तुम्ही कुठल्या बिल्डिंगवर उभे आहात माहितीये ना?

सुहासकाका: २०, फेंचर्च स्ट्रीट. निनादने बुकिंग केलं होतं.

मुक्ता: तीच. टोपणनाव वॉकी-टॉकी. २०१५ चा कार्बंकल कप विजेती. ब्रिटनमधल्या नव्या इमारतींपैकी सर्वात वाईट कोण, याचा चषक. ‘बिल्डिंग डिझाइन’ नियतकालिक द्यायचं.

काकू: अगं, आम्ही अजून वरच आहोत. खाली उतरल्यावर तरी सांगायचंस.

मीनाआत्या: कार्बंकल म्हणजे काळपुळी ना? काळपुळी चषक? 😂 आबांना मानेवर झाली होती, आठवतंय का अण्णा?

अण्णा: आठवतंय. विषय काय चाललाय?

मुक्ता: हो आत्या, काळपुळीच. चार्ल्स राजपुत्र असताना १९८४ मध्ये नॅशनल गॅलरीच्या नव्या जोडइमारतीच्या आराखड्याला भाषणात ‘राक्षसी काळपुळी’ म्हणाले होते, त्यावरून चषकाचं नाव. आणि ते भाषण कुठे झालं माहितीये? ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेच्या दीडशेव्या वर्षाच्या सोहळ्यात. त्या संध्याकाळी सुवर्णपदक होतं आपल्या चार्ल्स कोरियांना. मुंबईच्या माणसाचा सत्कार, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चर्चा कशाची, तर काळपुळीची.

अण्णा: कोरिया म्हणजे नवी मुंबईच्या आराखड्यातले. मोठा माणूस. मग या तुमच्या इमारतीचं दुखणं काय? फोटोत तर चांगली बाग दिसते. काच स्वच्छ आहे.

मुक्ता: अण्णा, आतून नाही, बाहेरून बघा. काका, रस्त्यावरून काढलेला फोटो आहे का? वर फुगलेली, खाली बारीक. जेवून ढेकर दिलेल्या माणसासारखी.

सुहासकाका: मला तर गंमतशीर वाटली. सगळं लंडन चौकोनी डबे बांधतंय, त्यात ही वेगळी. आणि मी काही आर्किटेक्ट नाही बाई. मला आवडली.

निनाद: मुक्ता, मी रोज हिच्या शेजारून ऑफिसला जातो. पहिल्या महिन्यात मलाही डोळ्यात खुपायची, आता लक्षही जात नाही. आणि ती वर का फुगली याचं सरळ कारण आहे. वरच्या मजल्यांना भाडं जास्त, म्हणून वरचे मजले मोठे. खालचे मजले लहान, कारण तिथून काही दिसत नाही.

अण्णा: म्हणजे सीताफळाची शेंडी खाली.

मुक्ता: हेच तर! माझा राग तिच्या रूपावर नाहीच मुळी.

अण्णा: सुरुवात तू काळपुळीपासून केलीस.

मुक्ता: बरं, केली. सॉरी. पण २०१३ ऐका. इमारत अजून पूर्ण झाली नव्हती. ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या सुरुवातीला दक्षिणेकडच्या काचेवरून ऊन परावर्तित होऊन खालच्या ईस्टचीप रस्त्यावर एका जागी पडायला लागलं. पार्क केलेल्या जग्वारचा आरसा, बाजूचा पत्रा आणि कंपनीचं चिन्ह वितळून वाकडं झालं. बिल्डरने दुरुस्तीचे ९४६ पौंड भरले. एका वार्ताहराने तिथे तव्यात अंडं तळून दाखवलं. पेपरवाल्यांनी नाव बदलून ‘वॉकी-स्कॉर्ची’, म्हणजे होरपळवणारी, केलं.

प्राचीताई: काय सांगतेस! खरंच अंडं?

मीनाआत्या: होणारच की. दहावीला काय शिकवायचे मी? अंतर्वक्र आरसा. ती बाजू आत वळलेली आहे, बरोबर ना मुक्ता? मग समांतर येणारे किरण नाभीपाशी गोळा होणार. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर त्या तबकड्या आहेत ना, त्यांनी वाफ करून भात शिजतो. तेच तत्त्व. फक्त शिर्डीत ते मुद्दाम केलंय.

बापूकाका: 🙏 ॐ साईराम

मीनाआत्या: आणि एक. ते रोज वर्षभर होणार नाही. लंडन साडेएकावन्न अंश अक्षांशावर. सप्टेंबरच्या सुरुवातीला दुपारी सूर्य साधारण ४६-४७ अंशांवर येतो. जूनमध्ये ६२ पर्यंत चढतो, डिसेंबरात जेमतेम १५. काचेचा बाक ठरलेला, म्हणजे झोत रस्त्यावर पडायला सूर्यही ठरावीक उंचीवर हवा. किती दिवस चाललं होतं ते?

मुक्ता: आत्या, तू ग्रेट आहेस. दिवसाला दोनेक तास, दोन-तीन आठवडे. तेवढ्यासाठी पार्किंगच्या तीन जागा बंद केल्या आणि मचाण उभारून समोर जाळी लावली.

सुहासकाका: मग झालं की. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न. दुरुस्तही केलाय. निनाद म्हणाला, बाहेरून पट्ट्या बसवल्यात.

निनाद: हो, २०१४ मध्ये. दक्षिण बाजूला अॅल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्या. आता तिथे अंडं सोडा, चहाही गरम राहत नाही.

अण्णा: पट्ट्या आधी का नव्हत्या?

मुक्ता: होत्या! मूळ आराखड्यात दक्षिणेला आडव्या झडपा होत्या म्हणे, खर्च कमी करताना त्या गेल्या. आर्किटेक्ट राफाएल विनोली, मूळचे उरुग्वेचे, ऑफिस न्यूयॉर्कला. त्यांनी मुलाखतीत कबूल केलं की परावर्तन होणार हे आराखड्याच्या वेळीच लक्षात आलं होतं. तापमानाचा हिशेब ३६ अंशांचा होता, निघाले ७२. वार्ताहरांच्या थर्मामीटरवर तर ९० च्या पुढे. आणि वर हेही म्हणाले की मी पूर्वी लंडनला यायचो तेव्हा इतकं ऊन नसायचं.

मीनाआत्या: वा! म्हणजे चूक सूर्याची.

अण्णा: बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली. सांगतो. अंदाजपत्रक वाढलं की पहिली काट छज्ज्यावर. छज्जा म्हणजे दिखावा, असं वरचे लोक समजतात. छज्जा काढला की दोन पावसाळ्यांत भिंत ओली. मग दुरुस्तीचं वेगळं टेंडर. दुरुस्तीचा खर्च छज्ज्याच्या तिप्पट, पण तो वेगळ्या शीर्षाखाली, म्हणून कुणाला दिसत नाही. कोरियांची ती पेडर रोडजवळची कांचनजंगा बघ. कोपऱ्या-कोपऱ्यात दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या. मोठा दिखावा दिसतो. पण पश्चिमेचं ऊन आणि पाऊस दोन्ही त्या गच्च्या झेलतात.

मुक्ता: अण्णा हा मेसेज मी कॉलेजच्या ग्रुपवर टाकू का?

अण्णा: नको. पेन्शन बंद करतील.

निनाद: पण विनोलींची बाजूही ऐका. २०२३ मध्ये गेले ते. त्यांचं म्हणणं होतं की या शहरात सल्लागार आणि पोटसल्लागार इतके असतात की जबाबदारी नक्की कोणाची तेच कळत नाही. त्यात तथ्य आहे. मी ऑफिसात रोज बघतो.

अण्णा: तथ्य आहे. पण सही कोणाची?

मुक्ता: आणि निनाददादा, हे त्यांच्याच बाबतीत आधी एकदा झालं होतं. लास व्हेगासचं व्हदारा हॉटेल, तेही विनोलींचं, तेही आत वळलेलं. २०१० मध्ये स्विमिंग पूलजवळ झोपलेल्या लोकांचे केस होरपळले, प्लास्टिकची पिशवी वितळली. तिथले लोक त्याला ‘मृत्यूकिरण’ म्हणायचे. लंडनची गाडी वितळली त्याच्या तीन वर्षं आधी.

मीनाआत्या: तीन वर्षं आधी?? मग नापास.

(अण्णांनी हा मेसेज डिलीट केला)

काकू: तुमचं चालू दे. आम्ही खाली आलो. यांना कॉफी हवी होती, मी म्हटलं वरच्या कॉफीच्या किमतीत घरी आठवडाभर चहा होईल. बाकी झाडं छान ठेवलीत हं. नेचे केवढे मोठे! फक्त आत जाताना विमानतळासारखी तपासणी. माझ्या पर्समधल्या सुपारीच्या डबीकडे तो मुलगा फार वेळ बघत होता.

मुक्ता: काकू, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. ती बाग कशी आली माहितीये? लंडनच्या ‘सिटी’त, म्हणजे जुन्या बँका-कंपन्यांच्या भागात, उंच इमारती एका बाजूला, बिशप्सगेटकडे, घोळक्याने उभ्या करायचं धोरण आहे. म्हणजे सेंट पॉल कॅथेड्रलची आणि टॉवर ऑफ लंडनची दृश्यं मोकळी राहतात. ही इमारत त्या घोळक्याच्या बाहेर, नदीजवळ एकटी. वारसा जपणारी सरकारी संस्था, इंग्लिश हेरिटेज, विरोधात होती. साधारण २०० मीटरचा बेत कापून १६० मीटरवर आणला, २००७ मध्ये जाहीर चौकशी झाली, मग मंत्र्यांनी मंजुरी दिली. आणि मंजुरीच्या बाजूने मोठा मुद्दा कोणता, तर वर जनतेसाठी बाग असेल. म्हणजे सगळ्या शहराच्या डोळ्यांसमोरचं आकाश घ्यायचं आणि त्याबदल्यात शहराला बाग द्यायची. मग त्या बागेत आधी बुकिंग करून, वेळ ठरवून, पर्स तपासून जायचं. बागेत जायला आपण कमला नेहरू पार्कला बुकिंग करतो का?

सुहासकाका: मुक्ता, तू म्हणतेस ते पटतं अर्धं. पण हेही बघ. निनादचं ऑफिस ज्या इमारतीत आहे तिथे मला लॉबीच्या पुढे कोणी सोडत नाही. दुबईत टॉवरवर जायचे किती पैसे घेतले होते, आठवतं का? इथे सगळ्यात महाग भाड्याच्या इमारतीच्या डोक्यावर एक निवृत्त बँकवाला आणि त्याची बायको फुकट उभे राहिले. बुकिंग केलं तर काय बिघडलं?

मीनाआत्या: हा मुद्दा आहे सुहासचा.

मुक्ता: आहे. पण काका, जो वर गेला त्याला दृश्य मिळालं. जो खाली आहे त्याला सावली, वारा आणि २०१३ मध्ये तर भट्टी. २०१५ मध्ये खालच्या रस्त्यावरच्या वाऱ्याच्याही तक्रारी झाल्या. उंच भिंतीवर वारा आपटतो आणि जागा मिळेल तिकडे, म्हणजे खाली वळतो. पुढे २०१९ मध्ये सिटीच्या पालिकेने उंच इमारतींसाठी वाऱ्याची वेगळी नियमावली काढली.

निनाद: थांब, एक मजेची गोष्ट. २०१७ मध्ये ही इमारत विकली गेली, १.२८ अब्ज पौंडांना. ब्रिटनमध्ये तोवर एका इमारतीला एवढी किंमत आली नव्हती. घेणारे कोण? हाँगकाँगचे ली कुम की. तेच, सॉसवाले.

प्राचीताई: थांबा. ती बाटली माझ्या फ्रीजमध्ये आहे! काल रात्री हक्का नूडल्समध्ये घातली.

बापूकाका: म्हणजे प्राचीचीही थोडी इमारत.

प्राचीताई: दरवाजाचं एखादं बिजागर तरी.

अण्णा: सर्वात वाईट इमारतीचा चषक २०१५ ला आणि विक्रमी किंमत २०१७ ला. मुक्ता, हे तुझ्या कॉलेजात शिकवत नाहीत.

मुक्ता: शिकवतात अण्णा. पण परीक्षेला येत नाही.

निनाद: मुक्ता, तुझ्यासाठी. अगदी जवळ, १२० फेंचर्च स्ट्रीटच्या गच्चीवर २०१९ पासून एक बाग आहे. पंधराव्या मजल्यावर. तीही फुकट, आणि बुकिंग लागत नाही. तपासणी आहे, पण थेट जायचं. मी डबा घेऊन तिथे बसतो कधी कधी. तिथून वॉकी-टॉकी अख्खी दिसते, पोटासकट.

मुक्ता: बघ! म्हणजे जमतं. मग आधी का नाही जमलं?

निनाद: पहिल्याने चुका केल्या म्हणून दुसऱ्याला जमलं असेल.

मीनाआत्या: किंवा १५ वा मजला ३५ व्यापेक्षा स्वस्त म्हणून.

काकू: निनाद, तू आम्हाला आधी तिथे का नाही नेलंस? डबा घेऊन गेलो असतो. मेथीचे ठेपले दुपारपर्यंत पिशवीतच.

निनाद: आई, बाबांना उंच हवं होतं.

सुहासकाका: हवं होतं. आणि आवडलं. मुक्ता, पुढच्या वेळी तू ये, दोन्ही दाखवतो. मग भांडू.

अण्णा: सुहास, रस्त्यावर आहेस ना अजून? दक्षिण बाजूला जा. त्या बसवलेल्या पट्ट्यांचा जवळून फोटो काढ. जोड कसा दिलाय ते बघायचंय.

सुहासकाका: (फोटो)

अण्णा: यात तुझ्या बायकोचं जाकीट आणि बस दिसतेय. पट्ट्या कुठे आहेत?

सुहासकाका: (फोटो)

अण्णा: ऊन आलंय समोरून. बाजूला सरक आणि परत काढ.