तीन अंपायर असताना उजवीकडच्या फटक्यावर कोण कुठे धावतो? मदत हवी आहे

मंडळी, इथे अमेरिकेत शाळकरी मुलांच्या बेसबॉलला हौसेने अंपायरिंग करतो. मैदान पूर्ण मापाचं, बेसमधलं अंतर ९० फूट. दोघांच्या जोडीची सवय आहे, आता तिघे असणार.

बेस रिकामे असताना मैदानावरचे दोघेही फाउल लाइनच्या (खेळाच्या हद्दीच्या रेषेच्या) बाहेर, एक पहिल्या आणि एक तिसऱ्या बेसकडे, हे पक्कं. फक्त पहिल्या बेसवर धावपटू असेल तर पहिलीवाला लाइनवरच राहतो आणि तिसरीवाला आत, दुसऱ्या बेसजवळ येतो, तेही समजलं.

अडतं पुढे. चेंडू उजव्या फिल्डरच्या पुढ्यात घसरत पडतोय, झेल की टप्पा हे बघायला पहिलीवाला बाहेर, आउटफिल्डकडे (बेसपलीकडच्या मैदानात) पळाला. आत दोघंच उरले. अशा वेळी तिसऱ्या बेसवरचा निर्णय प्लेटवाल्याने (फलंदाजापाशी, होम बेसमागे उभ्या अंपायरने) पुढे येऊन द्यायचा, की आतल्यानेच धावपटूसोबत तिकडे जायचं? नियमपुस्तक पाहिलं, ८.०३(ब) म्हणतं, योग्य वाटेल तिथे उभे राहा. झालं! व्हिडिओ बघितले, ते बहुतेक चौघांचे निघाले.

चौथा अंपायर मिळणार नाही. तर प्लेटवाला तिसरीकडे गेला आणि धावपटू तिथे न थांबता होमकडे सुटला, तर होमचा निर्णय कोणाचा?