पोर्तुगीज पासपोर्ट घ्या, पण आधी सातबारा बघा

पोर्तुगीज नागरिकत्वाच्या या चर्चेत एकाने लिहिलंय की आजी १९६१ च्या आधी, गोवा पोर्तुगिजांकडे असताना, तिथल्या पेडण्यात जन्मलेली, म्हणजे लिस्बनला जन्मनोंद केली की दोन्ही देशांचं नागरिकत्व खिशात. नोंदीचा मार्ग आहे हे खरं, पण 'दोन्ही' नाही हो. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं जातं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९, मग हातात उरतं ते ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं कार्ड, आणि त्यावर मतदान नाही.

पण इथे कोणी जमिनीचं बोललंच नाही. ओसीआयवाल्याला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही, आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र येते. आमच्याकडे वेंगुर्ल्याला चुलतभावाचं असंच अडलं, काकांना हयातीतच कलमांची बाग त्याच्या नावावर करायची होती, कागद तयार, स्टॅम्पपेपर आणलेला, आणि वकिलाने पासपोर्टचा रंग बघून फाईल मिटली. हेच बक्षीसपत्र नागरिकत्व बदलायच्या आधी झालं असतं तर काही प्रश्न नव्हता. पुढे वारसाने आली तरी विकताना गिऱ्हाईक भारतात राहणारा भारतीय नागरिकच लागतो, म्हणजे लंडनमधल्या दुसऱ्या ओसीआयवाल्या भावाला द्यायचीही सोय नाही. आणि लंडनवरून आठवलं, ब्रेक्झिटनंतर, म्हणजे २०२१ पासून, नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे नव्याने जाऊन नोकरी करता येत नाही, व्हिसा लागतो. एजंट हे सांगत नाहीत. तेव्हा घरात सामाईक जमीन असेल तर वाटण्या आधी उरका, अर्ज नंतर.