धक्क्यावरून गळ टाकायला नेमकी कोणती वेळ धरायची? भरती-ओहोटीचा तक्ता कसा वाचावा?

नवागळ:
समुद्रातल्या धक्क्यावर रॉड घेऊन बसायला आठवड्यातून एकच दिवस मिळतो, तोही तीन-चार तासांसाठी. त्या दिवसाचा तक्ता असा आहे: ओहोटी पहाटे ४:४२ (०.९ मी.), भरती सकाळी १०:५२ (४.१ मी.), ओहोटी संध्याकाळी ५:०८ (०.८ मी.). सूर्योदय ६:२० ला, सूर्यास्त ६:४० ला. धक्क्याच्या टोकाला मोठ्या ओहोटीतही दीड-दोन मीटर पाणी उरतं, काठाकडचे खांब मात्र कोरडे पडतात. कोणी म्हणतं भरतीला जा, कोणी म्हणतं पहाटे जा. या आकड्यांवरून वेळ कशी ठरवायची?

खारवारा:
"भरतीला जा" हे अर्धवट उत्तर आहे. पूर्ण भरतीला पाणी उभं राहतं आणि मासाही सुस्तावतो. आपल्याला हवं असतं हलतं पाणी. पाण्याला ओढ लागली की कोळंबी, खेकड्यांची पिल्लं आणि बारीक मासळी वाहत येते. मोठा मासा मग खांबांच्या आडोशाला तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो.

ही ओढ सगळे सहा तास सारखी नसते. ओहोटी ते भरती या काळाचे सहा भाग पाडा. पाणी जितकं चढणार त्याचे बारा हिस्से धरले, तर प्रत्येक भागात साधारण १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतात. तुमच्या तक्त्यात फरक ३.२ मीटरचा आहे. पहिल्या तासात जेमतेम २७ सेंटिमीटर पाणी वाढेल, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ८० सेंटिमीटर. म्हणजे खरी ओढ पावणेसात ते पावणेनऊ. सूर्योदय ६:२० ला असल्याने अंधूक उजेड आणि चढतं पाणी जवळजवळ एकत्र आलंय. पावणेसहाला गळ पाण्यात हवा, नवाला आवरायला हरकत नाही.

सुरुवात टोकाकडून करा. पाणी चढेल तसं काठाकडे सरका, कारण नुकत्याच बुडालेल्या खांबांवरचे शिंपले-खेकडे टिपायला मासा तिकडेच येतो. बरेच जण भर भरतीतही टोकाला चिकटून बसतात आणि लांबवर फेकत राहतात. मासा तेव्हा त्यांच्या पायाखाली असतो.

खाडीमुख:
वरचं गणित मोकळ्या किनाऱ्यासाठी ठीक आहे. धक्का खाडीच्या किंवा नदीच्या तोंडाशी असेल तर दोन गोष्टी बदलतात. एक, तक्त्यातली भरतीची वेळ ही पाण्याच्या उंचीची असते, प्रवाह थांबण्याची नव्हे. खाडी आत लांब असेल तर धक्क्यापाशी उंची कमाल झाल्यावरही पाणी काही वेळ आत जातच राहतं. तरंगणारं पान किंवा फेस बघा, तो कधी थांबतो ती वेळ टिपून ठेवा आणि तक्त्यातल्या वेळेशी फरक काढा. तो फरक पुढेही साधारण तेवढाच राहतो.

दोन, अशा ठिकाणी ओहोटीचे पहिले दोन-तीन तास भरतीपेक्षा सरस ठरतात. आतलं सगळं खाद्य अरुंद तोंडातून बाहेर येतं. पण जोराचा पाऊस पडून गेला असेल तर वर गोड्या पाण्याचा थर पसरतो. खारं पाणी जड म्हणून खाली राहतं, तेव्हा आमिष तळालाच ठेवा.

आणि रात्र विसरू नका. तुमच्याच तक्त्यात ५:०८ नंतर पुन्हा भरती लागते, म्हणजे सव्वासात ते सव्वानऊ चांगली ओढ. धक्क्यावर दिवे असतील तर उजेडात बारीक मासळी आणि माकूळ (स्क्विड) जमतात. गळ उजेडाच्या मधोमध टाकू नका. उजेड आणि सावलीच्या कडेला टाका, शिकारी मासा काळोखातून तिथेच झडप घालतो.

नवागळ:
छान. मग दर आठवड्याला हीच वेळ धरू का? आणि उधाणाचा दिवस चांगला की भांगाचा?

खारवारा:
नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत सहा तास सरकतात, म्हणजे पुढच्या आठवड्यात पहाटे उलट पाणी मिळेल, ओहोटी चालू असेल. साधारण पंधरवड्याने याच वेळा परत येतात.

शिसंवजन:
उधाण-भांगाचं उत्तर तुमच्या शिशात, म्हणजे गळाला लावायच्या वजनात आहे. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस पाणी सर्वांत जास्त चढतं-उतरतं, ते उधाण; अष्टमीच्या सुमारास सर्वांत कमी, तो भांग. तेव्हा मधल्या दोन तासांत १०० ग्रॅमचं शिसंही तळाला टिकत नाही, दोरीत शेवाळ अडकतं आणि शेजाऱ्याच्या दोरीत गुंता होतो. म्हणून उधाणाला पहिले आणि शेवटचे दोन तास धरा, भांगाला मधले. भांगाला ६० ग्रॅम पुरतं. उधाणाला १२० ते १५० ग्रॅम, तेही तारेचे आकडे असलेलं.

गळ सरळ समोर न टाकता प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका आणि थोडी दोरी सोडा. दोरीला पोट आलं की आकडे वाळूत रुततात. जाड तंगूसपेक्षा (एकेरी नायलॉन दोरीपेक्षा) बारीक ब्रेडेड, म्हणजे विणलेल्या दोरीवर पाण्याचा जोर कमी बसतो.

वाऱ्याचं म्हणाल तर समुद्राकडून येणारी मंद झुळूक फायद्याची, ती बारीक मासळी काठाकडे ढकलते. ताशी २५-३० किलोमीटरच्या वर गेला की पाणी गढूळ होतं आणि दोरीला इतका झोल येतो की मासा टोचला तरी कळत नाही. गढूळ पाण्यात चकाकणारी नकली आमिषं वाया जातात. वासाचं आमिष लावा: कोळंबी, माकुळाची पट्टी, बोयीचा तुकडा.

चंद्रनको:
चंद्रावरून "मासा खाण्याची वेळ" सांगणारी ॲप दाखवणारे लवकरच येतील, म्हणून आधीच लिहितो. चंद्रामुळे भरती बदलते, ती तक्त्यात आलेलीच आहे. तीच गोष्ट दोनदा मोजू नका. हवेच्या दाबाचंही तसंच. दाब उतरताना मासा चावतो असं म्हणतात, पण तेव्हा ढग आणि वाराही येतात, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं हे ठरवणं अवघड. पाण्याच्या पातळीवरचा परिणाम मात्र खरा आहे: दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला की पातळी साधारण १ सेंटिमीटर वाढते. तक्त्यात हे धरलेलं नसतं.

ऋतू मात्र धरा. कडक उन्हाळ्यात दुपार सोडून द्या. थंडीत उलट, उन्हाने तापलेल्या उथळ वाळूवर चढणारी दुपारची भरती पहाटेपेक्षा बरी.

खाडीमुख:
एक राहिलं. अंदाजात लाटांची उंचीच नव्हे, दोन लाटांमधला वेळही बघा. १२-१४ सेकंदांच्या लाटा दुरून शांत वाटतात, पण मध्येच मोठ्या लाटांचा गट येतो आणि धक्क्यावरून पाणी जातं. आल्याबरोबर सामान मांडू नका, आधी १५-२० मिनिटं नुसतं बघा. वीज चमकत असेल तर भरती कितीही सुरेख असो, रॉड खाली ठेवून निघा, ग्रॅफाइटच्या रॉडमधून वीज वाहते. आणि ओहोटीला धक्का पाण्यापासून चार-पाच मीटर उंच होतो, त्या वेळी मोठा मासा दोरीने वर ओढू नका. दोराला बांधलेली गोल जाळी खाली सोडून त्यात घ्या.