सागरी अभयारण्याचा ‘परिणाम’, ‘प्रभाव’ की ‘फरक’?

अनुवादिका
मालवण परिसरातील मच्छीमार कुटुंबांना विचारायच्या एका प्रश्नावलीचा मराठी मसुदा मी तयार करत आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. त्यानंतर मासळीचे, प्रवाळांचे आणि घरच्या मिळकतीचे काय झाले, हे तीतून समजून घ्यायचे आहे. मी ‘अभयारण्याचा तुमच्या कुटुंबावर काय परिणाम झाला?’ असे लिहिले होते. चाचणीत एका बाईंनी ‘परिणाम काही नाही, अजून आम्हाला कोणी अडवलेले नाही’ असे उत्तर दिले. पर्यटकांना होडीतून फिरवण्याचा त्यांच्या घरचा धंदा चांगला चालतो, हे पुढच्या प्रश्नात कळले. ‘परिणाम’ म्हटल्याबरोबर नुकसानच मनात येत असेल, तर मोजणी आरंभापासूनच एका बाजूला झुकेल. येथे ‘प्रभाव’ लिहावे का?

धातुपाठ
‘परिणाम’ हा मुळात तटस्थ शब्द आहे. परि अधिक नम्, म्हणजे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे. सांख्य दर्शनाचा परिणामवाद दुधाचे दही होण्याचा दाखला देतो, त्यात बरेवाईट काही नाही. म्हणूनच वाईट अर्थासाठी आपल्याला ‘दुष्परिणाम’ हा वेगळा शब्द करावा लागला. ‘प्रभाव’ व्यक्तीचा किंवा विचाराचा पडतो. बंदीहुकमाचा प्रभाव म्हणणे मला पटत नाही.

किनारपट्टी
व्युत्पत्ती मान्य आहे, पण उत्तर देणारी बाई सांख्य वाचून आलेली नसते. ‘त्याच्या तब्येतीवर परिणाम झाला’ असे ऐकल्यावर तब्येत सुधारली असे कोणी समजत नाही. आमच्याकडे सरळ ‘काय फरक पडलो?’ असे विचारतात आणि त्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी मिळते. माझे आजोबा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळे ओढणाऱ्यांच्या, संघात होते. जाळे ओढायला आलेल्याला वाटा मिळे, मजुरी नव्हे. त्यामुळे ‘उत्पन्नावरील परिणाम’ विचारून त्यांच्याकडून काही निघाले नसते. ‘वाट्यात काय फरक पडला?’ असे विचारले असते, तर ते तासभर बोलले असते.

धातुपाठ
‘फरक’ अरबीतून आलेला आहे आणि शास्त्रीय लेखनात तो ढिला वाटतो. मराठीत सिद्ध शब्द असताना बोलीची सोय पाहून परिभाषा बदलू लागलो, तर प्रत्येक अहवालाची परिभाषा वेगळी होईल.

मोजमाप
सागरी परिसंस्थांच्या मोजणीचे काम मी काही वर्षे केले आहे आणि माझ्या मते ‘फरक’ हा येथे सर्वांत काटेकोर शब्द आहे. संरक्षणामुळे काय झाले हे ठरवायचे, तर पूर्वी आणि आता यांतला फरक पुरत नाही. त्याच काळात शेजारच्या, संरक्षण नसलेल्या किनाऱ्यावर किती फरक पडला, हे पाहून तो वजा करावा लागतो. उरेल तो परिणाम. मालवणात हे विशेष अवघड आहे, कारण राज्य शासनाने २०१६ साली पर्ससीन (मोठ्या घेरजाळ्याच्या) मासेमारीवर निर्बंध आणले, पर्यटन वाढले आणि पाणी तापल्याने प्रवाळांवर ताण येतो तो वेगळाच. बंदरात उतरलेल्या मासळीची आकडेवारीही ती अभयारण्याच्या गाभा क्षेत्राच्या (आतल्या मुख्य भागाच्या) कडेला सापडली की दूर खोल पाण्यात, हे सांगत नाही.

मेक्सिकोतील काबो पुल्मोचे उदाहरण म्हणूनच मोलाचे आहे. १९९५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, स्थानिक कुटुंबांनी मासेमारीबंदी स्वतःहून पाळली आणि १९९९ ते २००९ या काळात माशांचा जैवभार (एकूण वजन) ४६३ टक्क्यांनी वाढला. कॅलिफोर्नियाच्या आखातातील इतर संरक्षित आणि खुल्या ठिकाणी तशी वाढ दिसली नाही, म्हणून तिला संरक्षणाचा परिणाम म्हणता येते.

अनुवादिका
म्हणजे प्रश्नावलीत ‘फरक’ आणि अहवालात ‘परिणाम’ असे दोन शब्द ठेवावेत का?

शब्दसंग्राहक
त्याआधी ‘अभयारण्य’ या शब्दाचा विचार व्हायला हवा. समुद्रात अरण्य कुठून आले? ‘अभयसागर’ किंवा ‘अभयजल’ का नको?

धातुपाठ
‘अरण्य’ हा शब्द ‘अरण’ म्हणजे दूरचे, परके यापासून आला, असे मानतात. वस्तीपलीकडचा प्रदेश या अर्थाने तो समुद्रालाही लागू पडतो.

किनारपट्टी
माझी हरकत नेमकी तेथेच आहे. येथल्या गाबित मच्छीमारांना हा समुद्र परका नाही. कोणत्या खडपाजवळ (समुद्रातल्या खडकाजवळ) काय मिळते, हे त्यांच्या घरात पिढ्यानुपिढ्या माहीत असते. तो प्रदेश वस्तीपलीकडचा ठरवणारे नाव प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत आले, की उत्तर देणारा सावध होतो आणि मग पुढे ‘परिणाम’ लिहा की ‘फरक’, तो मोजूनमापूनच बोलतो.

मोजमाप
नाव अधिसूचनेतले आहे, ते प्रश्नावलीला बदलता येणार नाही. माझा आक्षेप ‘संरक्षित’ या कृदन्तावर आहे, कारण ते काम पार पडल्याचे सांगते. जगातील ८७ संरक्षित सागरी क्षेत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण मासेमारीबंदी, अंमलबजावणी, दहा वर्षांहून अधिक वय, शंभर चौरस किलोमीटरहून मोठा विस्तार आणि खोल पाण्याने वा वाळूने तुटलेपण, हे पाच गुण त्यात तपासले होते. ५९ टक्के क्षेत्रांत यांपैकी फार तर दोनच गुण होते आणि मासेमारी चालू असलेल्या ठिकाणांहून ती वेगळी ओळखू येत नव्हती. मालवणचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ‘संरक्षणाधीन’ म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

शब्दसंग्राहक
‘संरक्षणाधीन’ म्हटले की क्षेत्र कोणाच्या ताब्यात आहे, असा अर्थ निघतो. ‘राखीव’ हा रूढ शब्द काय वाईट आहे?

किनारपट्टी
‘राखीव’ म्हटल्यावर कोणासाठी राखीव, हा पहिला प्रश्न येईल. तोही प्रश्नावलीत घ्यावा, अशी अनुवादिकाताईंना विनंती.