राष्ट्रगीताला गुडघा टेकला: मुलीकडून माफीनामा घेऊ का?

मातीतला_कबड्डीवाला (दापोली)
मंडळी, सल्ला हवाय, जरा घाईचा आहे. मी मुलींच्या कबड्डी संघाला शिकवतो. २६ जानेवारीला किनाऱ्यावरच्या एका गावात स्पर्धा होती. झेंडावंदनाला दोन्ही संघ मैदानात उभे. 'जन गण मन' सुरू झालं आणि आमची चढाईतली हुकमी पोर, वय १९, एक गुडघा मातीत टेकून मान खाली घालून बसली. ५२ सेकंद कोणी हललं नाही. मग सगळेच ओरडले, मीसुद्धा. आम्हाला न खेळवताच परत पाठवलं.

ती वरच्या धनगरवाडीतली. वाडीला रस्ता नाही. भाद्रपदात आजीला डोलीतून खाली आणताना दोनदा खांदेकरी घसरले. आजी वाचली, पाय कायमचा अधू झाला. पोर एवढंच म्हणाली, "सर, मी झेंड्याकडे पाठ नव्हती केली." अमेरिकेतला फुटबॉलपटू कॅपरनिक राष्ट्रगीताला असाच गुडघा टेकायचा, ते तिनं रीलवर बघितलं होतं.

आता स्पर्धावाल्यांना लेखी माफी हवीय, नाहीतर निवड चाचणीत तिचं नाव अडवू म्हणतात. मला विचाराल तर तिचं चुकलंच. पण माफीनामा लिहायला बसलो की 'मी देशाचा अपमान केला' याच्यापुढे पेन सरकत नाही. कारण तिनं तो केला, असं मला वाटत नाही.

दर्यावर्दी
२२ वर्षं नौदलात होतो. मैदानात असतो तर तुमच्याआधी मीच ओरडलो असतो, खोटं कशाला बोलू.

पण रीलमध्ये अर्धंच सांगतात. कॅपरनिक २०१६ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रगीताला आधी बाकावर बसूनच राहायचा. काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराचा निषेध म्हणून. नेट बोयर नावाच्या माजी सैनिकानं त्याच्याशी बोलून सुचवलं, बसू नकोस, गुडघा टेक. सैनिक मेलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे तसाच टेकतो. १ सप्टेंबरला तो पहिल्यांदा टेकला, शेजारी बोयर उभा होता.

तिकडे तो मान. आपल्याकडे 'गुडघे टेकले' म्हणजे हरला, शरण गेला. पोरीनं परमुलखातली खूण इथल्या मातीत केली, ती कोणाला वाचता येणार? आणि तो हंगाम संपल्यावर कॅपरनिक तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये पुन्हा एकही सामना खेळला नाही, हेही तिला सांगा. फुकट काही मिळत नाही.

काळाकोट_रत्नागिरी
राष्ट्रीय सन्मानाच्या अपमानाविरुद्धच्या १९७१ च्या कायद्यात गुन्हा आहे तो राष्ट्रगीत मुद्दाम थांबवण्याचा किंवा म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालण्याचा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तिनं दोन्ही केलेलं नाही. केरळमधली तीन भावंडं शाळेत राष्ट्रगीत म्हणायची नाहीत म्हणून काढली होती. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं. पण सर, ती मुलं उभी राहायची. तो निकाल तुमच्या मुलीला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. 'अपमान केला' असं लिहून मात्र अजिबात देऊ नका. लिहायचंच तर 'कोणाचं मन दुखावलं असल्यास दिलगीर आहे', तेही तिला पटलं तर.

माडाखालचो
राष्ट्रगीत चालू असताना मोबाईल फिरवून फिरवून व्हिडिओ काढणारो खंयच्या सावधानात होतो, ता आधी इचारा! (व्हिडिओ आमच्याकडे मालवणात पण इलो.)

सुरंगी
१९६८, मेक्सिको ऑलिंपिक. पदक घेताना राष्ट्रगीताला अमेरिकेच्या स्मिथ आणि कार्लोस या काळ्या धावपटूंनी उगारलेल्या काळ्या मोज्यातल्या मुठी सगळ्यांना ठाऊक. फोटोतला तिसरा, ऑस्ट्रेलियाचा पीटर नॉर्मन, त्यानं मूठ उगारली नाही. त्यांच्यासारखा मानवी हक्कांचा बिल्ला तेवढा छातीवर लावला आणि उभा राहिला. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला त्या दोघांनी खांदा दिला. सर, तुम्हाला गुडघा टेकायला कोण सांगतंय? तुम्ही त्या वाडीत एकदा तरी गेलायत का?

मातीतला_कबड्डीवाला (दापोली)
नव्हतो गेलो. चार वर्षं ती रोज सरावाला खाली येते, मला कधी वर जावंसं वाटलं नाही. काल गेलो. पाऊण तास चढ, मध्ये दोनदा बसलो. पडवीत डोलीचा बांबू अजून टांगलेला आहे. आजीनं कोरा चहा दिला आणि विचारलं, "पोरीनं काय केलान?" मला नीट सांगता आलं नाही.

माफीनामा लिहिला नाही. रस्त्याचा अर्ज लिहिला. तिची सही, खाली माझी, आजीचा अंगठा. वकीलसाहेब, तुमचं वाक्य तिला वाचून दाखवलं. म्हणाली, विचार करून सांगते. रविवारी चाचणीला तिला घेऊन जातोय, उभं करतात की नाही बघू.