पत्ता तोच, पिन भलतीकडेच

प्रश्न: मंडळी, औषधं घरपोच द्यायचं अ‍ॅप करतोय, जिओकोडिंगने, म्हणजे पत्त्यावरून नकाशावरची जागा काढण्याने, डोकं फिरवलंय. 'पेरूगेटजवळ, सदाशिव पेठ, पुणे ४११०३०' टाकलं की नकाशावरचा पिन बरोबर पडतो आणि त्याच्याच पुढे घर नंबर नि वाड्याचं नाव जोडलं की थेट शहराच्या मध्यावर! काल आमचा पोरगा पाऊण तास फिरला, इकडे आजी इन्शुलिनची वाट बघत बसलेल्या. फार वाईट वाटलं.

उत्तर: वाडा जिओकोडिंग सर्विसवाल्यांच्या डेटात नसेल, मग जुळलं तेवढ्यावर शहराचा मध्य देतात आणि स्टेटस मात्र ओके. नुसते अक्षांश-रेखांश उचलू नका दादा, अचूकतेचं फील्डपण वाचा, गूगलच्या जिओकोडिंग सर्विसमध्ये त्याला 'लोकेशन टाइप' म्हणतात, 'अ‍ॅप्रॉक्झिमेट' (अंदाजे) आलं तर ग्राहकालाच पिन सरकवायला लावा.

उत्तर: आणि पिनकोडवर विसंबू नका, तो १९७२ ला टपालासाठी आला, त्यात अख्खा परिसर येतो. डाक विभागाचा डिजिपिन बघा, १० अक्षर-अंकांचा कोड, एक कोड म्हणजे साधारण ४ बाय ४ मीटरचा चौकोन. पण तो अक्षांश-रेखांशावरूनच बनतो, म्हणजे पत्ता शोधायला नाही, एकदा सापडलेलं घर जपून ठेवायला.

प्रश्नकर्ता: आमच्या सर्विसमध्येपण तसं फील्ड निघालं, कधी वाचलंच नव्हतं! आज रात्रीच बदलतो.