सोयाबीनचा तांबेरा आणि 'सहनशील' वाण
"फुले संगम हा सोयाबीनचा वाण लावला की तांबेऱ्याची (पानांवरच्या बुरशीरोगाची) फवारणीच नको" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. तो वाण सहनशील आहे, रोगमुक्त नाही. ठिपके येतातच, ते कसले हे बघायचं. पान उलटून १० पटीचं भिंग लावा. ठिपका लालसर तपकिरी आणि भुकटी जवळपास नाही, म्हणजे झाड झुंजतंय. ठिपका फिकट आणि बोटाला तांबूस भुकटी लागली, तर वाण कोणताही असो, हेक्झाकोनॅझोल ५ टक्के हे बुरशीनाशक, लिटरला १ मिली. फवारा पानांच्या खालून बसला पाहिजे, नुसता वरून शिंतोडा म्हणजे पैसे पाण्यात. कोल्हापूर भागात ऑगस्ट-सप्टेंबरची झड लागली की पानं तासन्‌तास ओली राहतात, तेव्हा हे रोज बघा.

वाणातला एकाच जनुकावर उभा रोगप्रतिकार टिकत नाही, असंही म्हणतात; तेही सरसकट खरं नाही. जवाला भुरीपासून वाचवणारा एमएलओ या जनुकातला बदल बघा: १९४२ मध्ये क्ष-किरणांनी तो पहिल्यांदा घडवला, युरोपातल्या वसंत ऋतूत पेरायच्या जवात असा बदल १९७९ पासून आहे, अजून शाबूत. कारण तिथे रोप बुरशीला ओळखतच नाही. बुरशीला आत शिरायला लागणारं जवाचं जनुकच बिघडलेलं आहे. सोयाबीनची तांबेऱ्याला रोखणारी आरपीपी जनुकं मात्र बुरशीला ओळखणाऱ्यांतली. बुरशीनं रूप बदललं की ती आंधळी.